किनाकोच्या गवताचा खोका

मित्रांनो, मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे. नाक मुरडू नका, माझा माशांचा वास कधीच गेला. उद्या सकाळी प्लास्टिकच्या कचऱ्याची गाडी आली की मीही जाईन. म्हणून आजच सगळं सांगून टाकतो. गोड गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरा खोका शोधावा.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात पांढरे दाणे घातले, वाफ सोडली आणि मी फुगून तयार झालो. पहिलं काम बांगडे वाहण्याचं. बर्फ आणि बांगडे पोटात घेऊन मी जपानमधल्या इचिकावाच्या एका सुपरमार्केटात आलो. मासे विकले गेले आणि मला मागच्या दाराशी टाकून दिलं. तिथून अंबरीषने मला मागून घेतलं. हा पुण्याचा इंजिनिअर, याच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही! त्याची बायको सुचित्रा दारातच ओरडली, "माशाचा खोका? आधी बाथरूममध्ये ने तो!" तीनदा साबणाने आणि एकदा लिंबाने घासल्यावर मला घरात जागा मिळाली.

हा खटाटोप एका सशासाठी होता. भाजक्या सोयाबीनच्या पिठाला जपानीत किनाको म्हणतात. अगदी त्याच रंगाचा ससा नऊ वर्षांच्या जुईने पाळला होता, म्हणून त्याचं नाव किनाको. रस्त्याकडेच्या गवतावर औषध मारलेलं असतं आणि पेरणीच्या बियाण्यालाही पुष्कळदा औषध चोळलेलं असतं. म्हणून अंबरीषने खाण्याचे गहू आणि सातू आणले, रात्रभर भिजवले, माझ्या तळाला भोकं पाडली, माती भरली आणि दाणे दाट पसरले. मला खिडकीतल्या उन्हात ठेवलं. आठ दिवसांत माझ्या अंगावर चार बोटं गवत आलं. अर्ध्या भागात आज पेरायचं, उरलेल्यात दहा दिवसांनी, म्हणजे खंड पडत नाही. बुरशी दिसली की तेवढा भाग उपटून फेकायचा. कात्रीने कापायचं, धुवायचं, निथळायचं आणि मग द्यायचं. हे सगळं जुई न चुकता करायची.

जुईचं निम्मं बोलणं जपानीत. मराठी वाचायला बसवलं की ती रडकुंडीला यायची. म्हणून अंबरीषने एका रविवारी काळ्या मार्करने माझ्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "इथे उगवलेलं सगळं किनाकोला चालतं. बाहेरचं काही नाही." जुईने बोट ठेवून दोन्ही वाक्यं वाचली. बाबांनी टाळ्या वाजवल्या. ते माझे सुखाचे दिवस होते. किनाको माझ्या कडेला हनुवटी घासायचा आणि मला फार बरं वाटायचं.

मग अंबरीषची बदली नागोयाला झाली. तो महिन्यातून दोनदा घरी येऊ लागला. इकडे सुचित्राला अळूवडीची हुक्की आली. इचिकावात अळूची पानं मिळेनात, पण त्याच जातीचे कंद सातोइमो या नावाने प्रत्येक दुकानात असतात. ते पुरले की पानं येतात. घरात मातीचा खोका एकच, तो मी. तिने गवत मुळासकट उपटलं आणि माझ्यात कंद पुरले. किनाकोला दुकानातलं वाळकं गवत सुरू झालं.

अंबरीषने पुढच्या खेपेला पाहिलं. "अगं, किनाकोचं गवत?"

"अळू काढला की पेरू परत. तो काय उपाशी आहे का?"

"बरं," तो म्हणाला आणि बॅग भरायला गेला. माझ्यावरचं लिखाण दोघांपैकी कोणीही बदललं नाही. जुईलाही कोणी काही सांगितलं नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सुचित्राकडे पाहुणे येणार होते. सकाळीच तिने माझी मोठी पानं कापून नेली. मागे लहान कोवळी पानं उरली. तीन महिने किनाकोने हिरवं तोंडात घेतलं नव्हतं. जुई माझ्यासमोर बसली, माझ्यावरची अक्षरं तिने पुन्हा एकदा वाचली आणि कात्रीने एक पान कापलं. धुतलं, निथळलं आणि पिंजऱ्यात सरकवलं. किनाकोने हावरटासारखं अर्धं पान खाल्लं आणि एकदम थांबला.

थोड्या वेळाने त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. पंजांनी तो तोंड ओरबाडत होता. मग कोपऱ्यात बसून त्याने दात करकर वाजवायला सुरुवात केली. ससा दुखण्याने असे दात खातो. जुई धावत गेली. "आई, किनाको हेन दा यो! काहीतरी बिघडलंय त्याचं, तोंडातून पाणी येतंय!"

"जुई, आत्ता नाही! पाहुणे बसलेत."

पाहुणे म्हणजे अंबरीषच्या इथल्या जुन्या ऑफिसातले मोरिता-सान, त्यांची बायको आणि दोन मराठी कुटुंबं. सगळे वड्यांवर तुटून पडले होते. सुचित्रा मोरिता-सानांच्या बायकोला ऐटीत समजावत होती, "कच्चा अळू खाजरा. चिंच घातली नाही तर घसा सुजतो." माणसांच्या घशाची तिला केवढी काळजी! मोरिता-सान तर खिडकीशी येऊन मलाही थोपटून गेले. इतकं कौतुक मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि माझ्यासमोर किनाको दात खात होता.

पाहुणे गेल्यावर सुचित्राला पिंजऱ्यातलं उरलेलं अर्धं पान दिसलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला कळलं होतं, मी शपथेवर सांगतो. सकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कालच आणायला हवं होतं. दुपारी किनाको गेला.

"न विचारता काही द्यायचं नाही, किती वेळा सांगितलं होतं तुला!" सुचित्रा ओरडली. एकदाही सांगितलं नव्हतं.

जुई मला बिलगली. रडत रडत तिने अक्षरांखाली बोट ठेवलं. "आई, इथे... उगवलेलं... सगळं..."

"वाचता येतं, पण अक्कल नाही! तूच मारलंस त्याला."

फोनवर अंबरीष होता. ते लिखाण त्याचं आणि अळूही त्याने पाहिलेला. तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे जुई, पुढच्या वेळी लक्ष ठेव." मूग गिळून बसावं ते असं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

शाळेत ससे आहेत आणि त्यांना खाऊ घालायची पाळी प्रत्येक मुलाला येते. जुईची पाळी आली तेव्हा बाईंनी वहीत चिठ्ठी पाठवली: जुई पिंजऱ्याजवळ जात नाही, म्हणते माझ्या हातून ससे मरतात. सुचित्राने चिठ्ठी वाचली, खाली सहीऐवजी घराचा शिक्का उमटवला आणि वही दप्तरात ठेवून दिली.

काल तिने माझ्यातली माती काढली आणि जुईला मला घासायला लावलं. "तुझा खोका, तूच धू." कचऱ्यात खोका स्वच्छ लागतो ना! जुईने कोपऱ्याकोपऱ्यातली माती काढली. पण मार्कर काही निघेना. मग सुचित्राने नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं आणि स्वतः घासू लागली. त्या पाण्याने थर्माकोल विरघळतो. अक्षरं गेली आणि माझ्या पोटावर हातभर लांब खड्डा पडला.

"आई, का पुसतेस?" जुईने विचारलं.

"लोक वाचतील."

मित्रांनो, या इमारतीत दुसरं मराठी कुटुंब नाही. ते लिखाण वाचणारी माणसं तीनच, आणि तिन्ही याच घरातली.

तुम्ही ससा पाळाल, तर त्याच्या खोक्यात गवताशिवाय काही पेरू नका. आणि तुम्ही मोठे झालात की लहानांसाठी जे लिहाल, ते आधी स्वतः पाळा. चूक झाली तर तोंडाने कबूल करा. माझ्या खड्ड्यावर जुईने आत्ताच हात ठेवला होता. "गोमेन ने, किनाको," ती म्हणाली, म्हणजे माफ कर. माफी मागायची पाळी तिची नव्हती, एवढंच मला तिला सांगायचं होतं.