पुसलेल्या चांदण्यांचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि एका माणसावर डूख धरून आहे. माझा पडदा कडेने पिवळा पडलाय, पण आठवण शाबूत आहे. हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

किन्हीराजा गावच्या वाचनालयात माझा केवढा मान होता! माझ्यात गावकोश होता. ज्याला जे ठाऊक, त्याने ते लिहावं आणि दुसऱ्याने सुधारावं, अशी पानं. गावातल्या गोजराबाई गावरान बियाण्यांची माहिती सांगत आणि वाचनालय सांभाळणारी निकिता ती टंकत असे. जे बी पंचक्रोशीत एकाच घरी उरलं असेल, त्याच्या नावाआधी ती चांदणीची खूण करी. चांदणी दिसली की ते दळायचं नाही, पेरणीला राखायचं. लोक मळणी झाली की मला विचारून जात.

शेजारच्या आसेगाव आणि जऊळक्याचेही असे कोश होते. तिन्ही एकत्र करायचं ठरलं, पण खुणा निराळ्या. आम्ही पानाच्या शीर्षकाला बरोबरची (=) चिन्हं देत होतो, आसेगावचे फुल्या आणि जऊळक्याचे चांदण्या. एकच रीत ठरवायला बैठक बसली. दोन तास प्रत्येक गाव आपलीच खूण पुढे रेटत होतं. अखेर आमची मान्य झाली. निकिता म्हणाली, आता कोश कशासाठी आणि कोणाची पानं कोण तपासणार, तेही लिहून घेऊ. बैठकीतले सर्वांत वडील जगदेवकाका म्हणाले, "नावं कायले लिवतं वं बाई? एकाचं लिवलं का दुसऱ्याले राग येते. समदे मिळून करू."

मग उद्देशासमोर 'एकी' लिहिलं आणि जबाबदारीसमोर 'सर्वजण'. तिन्ही कोश माझ्यात एकत्र केले, चहा झाला, माणसं पांगली.

जऊळक्याचा हरीओम मोठा घाईचा. दुसऱ्याच दुपारी तो माझ्यासमोर बसला आणि आपल्या शीर्षकांच्या चांदण्या जाव्यात म्हणून सगळ्याच चांदण्या काढायचा हुकूम सोडला. मी हुकमाचा ताबेदार. तिन्ही गावांच्या पानांवरच्या चांदण्या पुसल्या गेल्या, गोजराबाईंच्या बियाण्यांच्याही. तपासायला 'सर्वजण' यायचे होते, ते कापूस वेचायला गेले होते.

बाबूलालच्या घरी ठिपक्याची तूर होती, शेवटची. त्याने पडद्यावर पाहिलं, चांदणी नव्हती. आणखी कोणाकडे असेलच, असं समजून त्याने सगळी भरडून डाळ केली.

बोभाटा झाला तेव्हा हरीओमने सरळ माझ्यावर ढकललं. मशीनच बिघडली, म्हणाला. नऊ वर्षं राबलो, पण एकानेही माझी बाजू घेतली नाही. मला फाटक्या सतरंज्यांशेजारी कोपऱ्यात टाकलं. तिथे मी दात-ओठ खात बसलो, दात-ओठ नसूनही. एकदा वीज द्या, मग बघतो एकेकाला, हाच माझा जप होता. कारण कोशातल्या प्रत्येक बदलापुढे मी करणाऱ्याचं नाव आणि वेळ नोंदतो. त्यासाठी मला कोणाच्या ठरावाची गरज पडत नाही.

एकट्या निकिताला संशय होता. तिने सगळ्यांना बोलावून मला सुरू केलं आणि जुने बदल उघडले. हरीओम, जऊळका, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. त्याचा चेहरा उतरला आणि मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? निकिताने जुनी पानं तिथल्या तिथे परत आणली. आता गोजराबाई त्याची खरडपट्टी काढणार, म्हणून मी वाट पाहू लागलो.

त्या हळूच म्हणाल्या, "हरीओम, तुयं नाव पाहून मी काय करू? ते का वावरात पेरता येते? आता तूच गावोगाव फिर अन् बी हुडकून आन."

तेव्हापासून तो फिरतोय. दर सोमवारी येतो आणि जिथे तूर मिळाली नाही, त्या गावाचं नाव माझ्यात लिहितो. एकवीस गावं झाली. मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि 'सर्वजण' लिहून घरी गेलेल्यांना तर मुळीच नाही.

मित्रांनो, चार जण मिळून काही उभारणार असाल, तर कशासाठी आणि कोण काय करणार, ते आधी नावानिशी लिहा. कोणाला राग आला तर येऊ द्या. राग चार दिवसांत उतरतो. ती तूर बाबूलालच्या घरी आठवड्यात संपली, ती अजून परत आलेली नाही.