कमरेला बसेल असं रिव्हॉल्व्हर

शस्त्राच्या परवान्याच्या अर्जात, जिवाला धोका कोणापासून आहे ते लिहायचं होतं. कोपरच्या राघो केणेने तिथे सख्ख्या भावाचं नाव घातलं. म्हणजे घातलं ते मुलाने, नयनने. राघोने चष्मा लावून ते वाचलं आणि खाली सही केली. "नुसतं नाव लागतं बाबा, त्याच्यावर केस नाय होत," नयन म्हणालेला.

भाऊ म्हणजे धाकू, राघोपेक्षा सहा वर्षांनी लहान. दोघांची भातशेती केव्हाच बिल्डिंगांखाली गेलेली. उरला होता तो खाडीकडचा तुकडा, वडलांच्या वेळचं मिठागर. आता त्यालाही गिऱ्हाईक आलं होतं आणि धाकू सही देत नव्हता. रोज सकाळी तो तिथून पाण्यात जाळं फेकायचा, चार मासे मिळाले की घरी यायचा. तेवढ्यासाठी ती जागा राहू द्या, एवढंच त्याचं म्हणणं. गावच्या बैठकीत नयनने त्याला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं, तेव्हा मात्र तो उठला आणि राघोकडे बोट करून म्हणाला, "त्या जागेला हात लावलास तर तुझा मुडदा पाडीन."

बैठक हसली. राघोही हसला. लहानपणापासून महिन्यातून एकदा तरी धाकू त्याचा मुडदा पाडणार असायचा.

नयनने मात्र ते वाक्य तारखेसकट लिहून ठेवलं. आसपासच्या गावांत जमीनवाल्यांकडे परवाने होते, आपल्याकडे नाही, हे त्याला बरेच दिवस खुपत होतं. बायको गेल्यापासून राघो मुलाशी वाद घालत नसे. शिवाय खरं सांगायचं तर त्यालाही हवंच होतं. लग्नाच्या हॉलमध्ये एखादा शर्टाखाली फुगवटा घेऊन आला की पोरं खुर्ची आणून द्यायची. बासष्ट वर्षांच्या राघोला स्वतःची खुर्ची स्वतः शोधावी लागायची.

चौकशी झाली, प्रशिक्षणाचा दाखला झाला, परवाना आला. चौकशीला पोलीस कोणाकोणाकडे गेले ते राघोने विचारलं नाही.

ठाण्यातल्या बंदुकांच्या दुकानात सुधीर नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. नयनने आधीच मोबाइलवर पिस्तूल पसंत करून ठेवलं होतं. चपटं, काळं, दिसायला दणकट. सुधीरनी ते रिकामं आहे याची दोनदा खात्री केली आणि राघोच्या हातात देऊन वरचा भाग मागे ओढायला सांगितला. राघोची बोटं आखडलेली. मिठागरात फावडं मारून मारून उजव्या हाताची दोन बोटं पुरती वळतच नसत. तो भाग अर्ध्यावर आला आणि निसटला. दुसऱ्यांदाही तसंच. नयन म्हणाला, सवयीने जमेल.

"घाईच्या वेळी सवय नसते," सुधीर म्हणाले. त्यांनी आखूड नळीचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर काढलं. यात ओढायचं काही नाही, चाप दाबायचा. तो जड आहे, पण जड असलेला बरा, चुकून दाबला जात नाही. मूठ राघोच्या तळव्यात नीट बसली. न वळणारी दोन बोटं खाली मोकळी राहिली तरी चालत होतं. नयनचं तोंड उतरलं, पण ठरलं ते हेच.

खरी अडचण पुढे आली. ठेवायचं कुठे? पट्ट्याला पुढे लावलं तर राघोचं पोट आडवं यायचं. बाजूला लावलं तर गाडीत बसताना मूठ बरगडीत घुसायची. काखेतला पट्टा घालून तो दुकानात चार पावलं चालला आणि घामाने ओला झाला. सुधीरनी त्याला खाली वाकायला, उकिडवं बसायला लावलं आणि कुठे टोचतं ते विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "केणेसाहेब, जे अंगाला टोचतं ते माणूस सारखं चाचपत राहतो. मग सगळ्या जगाला कळतं. कल्याणला काळुराम म्हणून चामड्याचं काम करणारा आहे, त्याच्याकडून मापाचं करून घ्या. आणि लग्नाकार्यात नेऊ नका. तिथे माणसं अंगाला अंग लावतात."

काळुरामने कमरेभोवती दोरी फिरवली आणि आयुष्यभर कमरेला काय बांधत होता ते विचारलं. कोयता, राघो म्हणाला. मागे, उजव्या बाजूला, लाकडी आकडीत. मग तिथेच, काळुराम म्हणाला. आठवड्याने त्याने उजव्या कुल्ह्यामागे थोडं तिरकं बसणारं चामड्याचं म्यान करून दिलं. राघो ते लावून रिक्षात बसला, पायऱ्या चढला, जेवायला मांडी घालून बसला. कुठे टोचलं नाही. जुन्या ओळखीच्या जागी वजन आलं होतं. पंधरा दिवसांत त्याला ते असल्याचं जाणवेनासं झालं.

नेमक्या त्याच दिवसांत धाकूच्या मुलीचं, जागृतीचं लग्न आलं. बैठकीपासून भाऊ बोलत नव्हते, पण आमंत्रणाला धाकूची बायको आवडाबाई स्वतः आली, पत्रिका देवापुढे ठेवली आणि हळदीला मोठ्या चुलत्याशिवाय पोरीला पाटावर बसवणार नाही म्हणाली. नयनने जाणार नाही असं सांगून टाकलं. राघो एकटाच गेला. सकाळी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आलेला, कपडे बदलले नव्हते. कमरेला काय आहे ते त्याच्या मनातही नव्हतं.

मांडवात ढोल वाजत होता. बायकांनी त्याला पुढे घेतलं. त्याने जागृतीच्या गालांना हळद लावली, कपाळाला लावली. लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून ती खाडीवर यायची. ती पाया पडून उठली आणि रडत त्याला मिठी मारली. दोन्ही हात त्याच्या पाठीमागे गेले, उजवा हात खाली घसरला आणि थांबला.

तिने पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग हात काढून घेतले आणि मागे सरली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर, कुल्ह्यामागे, तिच्या बोटांची पिवळी हळद उमटली होती.

"मोठे बाबा," ती हळूच म्हणाली, "आमच्या घरी येताना पण?"

विसरलो, असं राघोला म्हणायचं होतं. ते खरंही होतं. पण तेवढ्यात मागून धाकू आला. त्याने मुलीचा चेहरा पाहिला, भावाच्या शर्टावरची हळद पाहिली, आणि राघोचं मनगट धरून त्याला मांडवाबाहेर, पाण्याच्या टाकीपाशी नेलं. आवाज चढवला नाही.

"पोलीस आल्ते माझ्याकडं," तो म्हणाला. "अर्ज दाखवला. त्यावर माझं नाव. विचारलं, असं बोललास का? मी म्हटलं, बोललो. माझ्यापासून धोका आहे का? म्हटलं, आहे, लिवा."

राघोने विचारलं, असं का सांगितलंस.

"नाय म्हटलं असतं तर तुझा अर्ज खोटा पडला असता. तुला एवढं भ्याव वाटतंय तर मिळू दे, म्हटलं. आता पोलीस ठाण्यात माझं नाव लागलं ते लागलं." त्याने टाकीचा ठिबकता नळ घट्ट केला. "पण पोरीच्या हळदीत आणशील असं नव्हतं वाटलं, दादा."

राघोने सांगितलं की आठवणच राहिली नाही, इतकं ते कमरेला बसलंय. बोलता बोलताच त्याला कळलं की हे अधिक वाईट आहे. धाकू मांडवात निघून गेला. राघो जेवल्याशिवाय घरी आला. त्याला थांबवायला कोणी आलं नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी धाकूने निरोप धाडला, खाडीकडच्या जागेचे कागद घेऊन या. निबंधकाच्या कार्यालयात तो वेळेवर आला. अंगठा दिला, सही केली, फोटो काढून घेतला. राघो म्हणाला की तुला नको असेल तर अजून थांबू. धाकू त्याच्याकडे न बघता बाजूच्या कारकुनाला म्हणाला, "यांना सांगा, माझी काही तक्रार नाय. पोरीच्या सासरी असं कमरेला लावून कोणी जाऊ नका म्हणावं."

गावात बोलवा पसरली ती सरळ होती. राघो केणे हळदीत रिव्हॉल्व्हर लावून गेला आणि सही घेऊन आला. नयनने ती ऐकली आणि खोडून काढली नाही. एकदा तर राघोने त्याला फोनवर हसत सांगताना ऐकलं, आमचा बाबा दिसतो साधा, पण बघ. राघोने त्याला नंतर बसवून सांगितलं की तसं झालेलं नाही. नयन म्हणाला, "झालं नसेल. पण काम झालं ना?"

आता कुठल्याही हॉलमध्ये राघो शिरला की पोरं धावत खुर्ची आणत. शेजारच्या दोन खुर्च्या मात्र रिकाम्या राहत. रिव्हॉल्व्हर त्याने कपाटात कुलूपबंद केलं होतं. ते कोणाला खरं वाटलं नसतं, म्हणून त्याने कोणाला सांगितलंही नाही. खाडीकडे डंपर मातीचा भराव टाकू लागले. धाकू सकाळी जाळं घेऊन पुलाच्या पलीकडे, लांब जाऊ लागला.

भाद्रपदात केण्यांचा गणपती धाकूच्या घरी बसायचा. वडलांपासून एकच मूर्ती, दोन्ही घरांची. या वर्षी आवडाबाईने शेजारणीकरवी कळवलं की यंदापासून आपापला आणावा. नयनने चार फुटांची मूर्ती आणली, दिव्यांच्या माळा सोडल्या, गल्लीत स्पीकर लावले. पहिल्या आरतीला राघो पुढे उभा राहिला. आरती नेहमी धाकू सुरू करायचा, राघो मागून आवाज द्यायचा. त्याने तबक हातात घेतलं, आणि सगळे थांबून राहिले. राघोच्या तोंडून सूर निघेना. शेवटी नयनने मोबाइलवर आरती लावली.