पालथा नगारा

लढाईहून कालोद परतला तेव्हा त्याच्या मानेवर कुणीच नव्हतं. त्याचा माहूत सुभग रणात पडला होता. हत्ती आपला आपण, बाकीच्या हत्तींमागून, चंपा नदीकाठच्या हत्तीशाळेत येऊन आपल्या खुंट्यापाशी उभा राहिला. त्यानंतर त्याने तोंडात घास घेतला नव्हता.

सुभगची बायको उप्पला रोज गूळ घालून भाताचे गोळे वळायची आणि त्याच्यापुढे ठेवायची. तो सोंडेने हुंगायचा, नि सोंड खाली सोडायचा. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका उतरला.

"दुःख धरून बसलाय," हत्तीशाळेचा मुख्य वप्प म्हणाला. "सूनबाई, आज-उद्या खाल्लं नाही तर हा काही वाचत नाही."

"असं बोलू नका, वप्पकाका. त्यांच्यामागे माझं एवढंच उरलंय."

माहुताच्या घरातलं कुणी वारलं की दाराशीचा नगारा पालथा घालायचा, अशी त्या काळची रीत. सुभगच्या आईने, कण्हाने, स्वतःच्या हाताने तो पालथा घातला होता. सुतक पाळायचं म्हणून शेजारच्या माहुतांनीही आपापले नगारे पालथे घालून मुके ठेवले होते. सगळा तळ चिडीचूप.

दुपारी भाताचं तपेलं उतरवताना उप्पलाच्या हातून झाकण सुटलं आणि दगडांवर खणखणत गेलं. कालोदचे कान ताठ झाले. सोंड गोळ्यांपर्यंत आली, घुटमळली, परत गेली.

उप्पला तशीच घराकडे धावली. "आत्याबाई, पिल्लू होता तेव्हापासून नगारा वाजल्याशिवाय त्याच्यापुढे घास ठेवलाय का कुणी? रणातल्या गोंगाटाला भिऊ नये म्हणून आपणच लावलेली सवय. तो बोलावण्याची वाट बघतोय."

"माझ्या लेकाची राख अजून गार नाही, आणि तुला वाजवायचं सुचतंय?"

वप्प तिच्यामागोमाग दारात येऊन उभा होता. "नगाऱ्यावरच तो रणात धावला, सूनबाई. ऐकून बिथरला तर साखळदंड तोडेल. पहिली तूच त्याच्या पायाखाली."

कण्हाने पालथ्या नगाऱ्याकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात देऊन उठली.

"लढाईचा ठेका वेगळा, वप्पा. एवढे केस पांढरे केलेस ते काय उन्हात बसून? हा पिल्लू असताना माझा नवरा चारा आणायचा आणि ठेका मी धरायची. मऊ, सावकाश. तो नुसता जेवायचा ठेका." तिने सुनेपुढे हात केला. "चल, उचल एका बाजूने."

दोघींनी नगारा खुंट्यापाशी नेऊन सुलटा केला. कण्हाने काठी घेतली नाही. तळहाताने वाजवला, थांबली, पुन्हा वाजवला.

कालोद हलला. साखळदंड वाजला तसा वप्प मागे सरला. उप्पला भाताचा गोळा ओंजळीत धरून जागच्या जागी उभी राहिली. सोंड तिच्या खांद्यावरून फिरली, कोपरापर्यंत उतरली, आणि ओंजळ रिकामी झाली. मग त्याने पायापाशीचा गोळा उचलला. मग पुढचा.

"खातोय मेला," कण्हा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी चाललं होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. "भात पुरेल का गं?"

"नाही पुरायचा, आत्याबाई."

"मग चूल पेटव की. बघत काय उभी राहिलीस?"

उप्पला लाकडं आणायला वळली. पलीकडच्या दाराशी एक माहूत आपला नगारा सुलटा करत होता.