डाव्या डोळ्याची बाहुली

घरात कुणी हात न धुता पाण्याच्या भांड्याला शिवलं, की सूनबाईंचं व्याख्यान सुरू. रानफुलांतली विषारी अल्कलॉइडं वेगळी काढणं आणि कॉलेजात ते शिकवणं हेच त्यांचं काम, तेव्हा सांगण्याचा हक्क होता आणि तो त्या वाया जाऊ देत नसत. नणंदेनं त्यांचं नाव 'हातधुवाबाई' ठेवलं होतं.

आज हातधुवाबाई दवाखान्याच्या बाकावर हात पर्सखाली दडवून बसल्या होत्या.

सकाळी सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याची बाहुली टपोरी झालेली दिसली. उजवी होती तेवढीच. डॉक्टरांनी बॅटरी मारली. डावी ढिम्म.

"मेंदूत रक्तस्राव असू शकतो. स्कॅन करू."

म्हातारबुवांचं तोंड उतरलं. "माझी आरामखुर्ची तुला गं," ते लेकीला म्हणाले. "एक पाय डुगडुगतो. पण तक्रार ऐकायला मी नसेन."

"बाबा, काहीतरी अभद्र बोलू नका!"

सूनबाईंना मात्र बॅटरी मारली तेव्हाच कळलं होतं. काल संध्याकाळी घरी येताना पडीक जागेत त्यांनी धोत्र्याचं बोंड फोडून पाहिलं होतं, उघड्या हातानं. दारातच सासरे म्हणाले, "डोळ्यात कचरा गेलाय, बघ जरा." त्यांनी बोटानं पापणी उलटून तो काढला. धोत्र्यातलं अ‍ॅट्रोपिन बाहुली अशीच ताणून धरतं, हे त्या दरवर्षी वर्गात शिकवत.

एवढंच सांगायचं होतं. पण समोर नणंद. तिनं ते जन्मभर पुरवून पुरवून वापरलं असतं. स्कॅन स्वच्छ निघेल, बाहुली दोन-चार दिवसांत आपोआप बसेल, कुणाला कळायचंही नाही, असा हिशेब मांडून सूनबाई गप्प राहिल्या.

स्ट्रेचर आलं. सासऱ्यांनी नेमका त्यांचाच हात धरला. म्हातारबुवांची बोटं गार पडली होती.

"घाबरू नकोस. तुझा हात फार हलका आहे गं. काल किती अलगद कचरा काढलास!"

सूनबाईंना तो हात तोडून टाकावासा वाटला.

"डॉक्टर, थांबा. धोत्रा आहे तो. माझ्या बोटांना लागला होता."

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, पुन्हा तपासलं आणि स्ट्रेचर परत पाठवलं. नणंदेनं तोंड उघडलं, पण बापाकडे बघून मिटलं.

"कधी लक्षात आलं तुझ्या?" सासऱ्यांनी विचारलं.

'आत्ताच' म्हणता आलं असतं.

"बॅटरी मारली तेव्हा."

एक मोठी, एक लहान अशा दोन बाहुल्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हातारबुवांनी हात सोडवून घेतला आणि मान लेकीकडे वळवली.

"खुर्ची राहू दे मग," ते तिला म्हणाले. "मलाच लागेल."