वरच्या तोंडाचे आकडे

नणंदेने तळहातावरचा काउंटर पुढे केला. बाईंनी टॉर्चच्या उजेडात आकडा वाचला, काउंटर पुसला आणि पुन्हा वाचला. एकतीस.

"झोपलीस का गं वर बसून?"

"डोळ्यांत तेल घालून बसले होते, वहिनी. त्यातलं एक तर परत आत गेलं. तीस लिहिलंस तरी चालेल."

"माझे खाली चारशे बारा झाले. वरचेही तितकेच असतात. दरवर्षी."

"तीस वर्षं वॉर्डात पेशंटच्या नाड्या मोजल्या मी. आता तू मला मोजायला शिकव."

नणंद तोंडाने फटकळ होती, पण कामचुकार नव्हती.

टेकडीच्या पोटातून गेलेला तो पाण्याचा जुना बोगदा. पाणी केव्हाच आटलं होतं आणि आत वटवाघळं राहत होती. बोगद्याला तोंडं दोन. खालचं ओढ्याकाठी, वरचं चाळीस पायऱ्या चढून गेल्यावर. वर्षातून एकदा, पिल्लं उडायला लागायच्या आधी, लागोपाठ तीन संध्याकाळी मोजणी करायची. एक वटवाघूळ बाहेर पडलं की अंगठ्याने एकदा काउंटर दाबायचा. बाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, तेव्हापासून बावीस वर्षांत या मोजणीत खंड पडला नव्हता. खाली बाई बसायच्या, वर त्यांचा नवरा. तो ड्राफ्ट्समन होता, केसाएवढी रेघ काढणारा. वटवाघळांशी त्याचा संबंध फक्त बायकोमुळे आला, पण अहवालावर निरीक्षक म्हणून दोघांची नावं छापून आली तेव्हा त्याने ते पान फ्रेम करून बैठकीत लावलं होतं. त्याला जाऊन चार महिने झाले होते. यंदा त्याच्या जागी त्याची धाकटी बहीण आली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जागा बदलल्या. नणंदेला खाली बसवलं आणि स्वतः पायऱ्या चढून वर गेल्या. नवऱ्याचं घडीचं स्टूल उघडलं. त्याच्या बुडाने कापडाला पडलेला झोळ तसाच होता. त्यात बसताना त्यांना भरून आलं, पण मोजणीच्या वेळी डोळे पुसत बसून चालत नाही.

वरच्या तोंडासमोरून नऊ वर्षांपूर्वी रस्ता गेला होता. रस्त्याला चार दिवे होते आणि चारही उजेड ओकत होते. त्या उजेडात पाकोळी उडाली असती तरी दिसली असती. एक वटवाघूळ आलं, दिव्याला बिचकून खडकाच्या कडेने निसटलं. बऱ्याच वेळाने दुसरं. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

त्या शांततेत त्यांच्या मागे आवाज झाला. टिक. थोड्या वेळाने, टिक टिक. त्यांनी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, फक्त बोगद्याचं काळं तोंड. आवाज आतून येत होता. खाली नणंद काउंटर दाबत होती आणि तिची प्रत्येक टिक बोगदा इमानदारीने वर आणून पोचवत होता.

बाईंचा अंगठा काउंटरवर तसाच राहिला.

एकोणतीस मोजून त्या खाली आल्या. नणंदेचे चारशे नऊ झाले होते.

"वर बसलं की खालचा काउंटर ऐकू येतो," बाई म्हणाल्या.

नणंद पिशवीची चेन लावत होती. चेन अडकली नव्हती, तरी ती बराच वेळ लावत राहिली.

"तुला माहीत होतं."

"ऐकू येतं ते नव्हतं माहीत. आईशप्पथ. पण दादाला दिवेलागणीनंतर दिसत नव्हतं, ते माहीत होतं. डॉक्टरांकडे मीच नेलं होतं त्याला. पडद्याचा आजार, उपाय नाही म्हणाले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"त्याने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. म्हणाला, तिला कळलं तर मला घरी बसवेल. तिच्याबरोबर कुठे जायचं म्हटलं तर हे एवढंच तर आहे."

"मग मोजतो कसा, हे विचारलं नाहीस?"

"अंदाजाने लिहीत असेल म्हटलं." नणंदेचा आवाज खाली गेला. "खरं सांगू? वटवाघळंच तर आहेत, असं वाटलं मला."

घरी येऊन बाईंनी मोजणीची वही काढली. डाव्या रकान्यात त्यांचे आकडे, उजव्या रकान्यात त्याचे. पहिली अकरा वर्षं त्याचा आकडा कधी पन्नासने जास्त, कधी साठने कमी. पुढची अकरा वर्षं तो नेहमी कमीच होता, तीनने, चारने, सातने. एकदाही जास्त नाही. जेवढ्या टिका ऐकू आल्या तेवढ्या त्याने दाबल्या होत्या आणि ज्या ऐकायच्या राहिल्या तेवढ्या कमी पडल्या होत्या. खाली उतरल्यावर "यंदाही तूच जिंकलीस" म्हणायचा. त्यांना गंमत वाटायची.

आणि त्याच वर्षापासून परतताना तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. आयुष्यात चारचौघांत कधी बोट न धरणारा माणूस. म्हातारचळ लागला का, असं त्या म्हणायच्या, पण त्या तीन संध्याकाळची वाट वर्षभर बघायच्या.

वहीला एक पत्र टाचलेलं होतं. दिवे लागल्यावर दोन वर्षांनी रस्ते विभागाने विचारलं होतं, दिव्यांनी वटवाघळांना काही त्रास आहे का? बाईंनी आकड्यांसकट उत्तर दिलं होतं. परिणाम आढळत नाही. उगाच आरडाओरडा करणाऱ्यांतल्या आपण नाही, याचं त्यांना त्या दिवशी बरं वाटलं होतं. वर्षाला एका मादीला एकच पिल्लू. चारशे गेली ती कशी गेली, कुठे गेली, हे आता कुणाला सांगता येणार होतं? आणि ती जात होती तेव्हा दोघं नवराबायको चाळीस पायऱ्यांच्या अंतरावर सुखाने बसून होती.

त्यांना त्याचा राग आला. इतका की त्यांनी वही मिटली आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले.

सकाळी त्या पत्र लिहायला बसल्या. नणंदेने चहा आणून ठेवला आणि मागे उभी राहून वाचू लागली.

"वहिनी, यंदा अचानक कमी झाली असं लिही ना. कमी झालीच आहेत. खोटं थोडंच आहे?"

"मग ते म्हणतील, पुढच्या वर्षी बघू. दिव्यांनी काही होत नाही, हे माझ्या सहीचं पत्र त्यांच्याकडे आहे."

"गेलेल्या माणसाचं नाव खराब करणार तू."

"हो," बाई म्हणाल्या.

चहा गार झाला. त्यांनी वहीच्या उजव्या रकान्यातल्या अकरा आकड्यांवर पट्टी धरून एकेक रेघ मारली. केसाएवढी. मग पत्र पूर्ण केलं. वरच्या तोंडाचे अकरा वर्षांचे आकडे रद्द समजावेत. दिवे ताबडतोब बंद करावेत. आकडे चुकण्याचे कारण: निरीक्षकाला संध्याकाळी दिसत नव्हते. हे मला अकरा वर्षे कळले नाही.

सही केली आणि खाली नाव पुन्हा स्वच्छ लिहिलं. बोगद्याकडे जाताना वाटेत त्यांनी ते विभागाच्या ऑफिसात देऊन पोच घेतली.

तिसऱ्या संध्याकाळी त्या पुन्हा वर बसल्या. अठ्ठावीस. पुढे अर्धा तास काहीच आलं नाही. त्यांनी वहीत आकडा लिहिला, वही बाजूला ठेवली आणि पिशवीतून त्याचा काउंटर काढून शून्यावर आणला.

मग डोळे मिटले. खालून टिक आली. त्यांनी अंगठा दाबला. पुन्हा टिक, पुन्हा अंगठा. लागोपाठ तीन आल्या आणि त्यांच्या दोनच झाल्या. खाली माणूस आहे, जागं आहे, नीट बसलेलं आहे, एवढं त्या टिकांतून स्पष्ट कळत होतं. टिका विरळ होत थांबल्या तरी त्या तशाच बसून राहिल्या.

नणंद टॉर्च घेऊन वर आली. "चल, वहिनी. झालं."

बाईंनी स्टूल मिटून काखेत मारलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे न उघडता पहिली पायरी उतरल्या.