मालनबाईंचा डबा आयर्लंड फिरून येतो

मी मालनबाईंचा डबा बोलतोय. खोटं वाटत असेल तर झाकण उलटं करून पाहा, ‘सौ. मालन’ अशी अक्षरं कोरलेली आहेत. पुढचं आडनाव घासून घासून पुसट झालं, पण नाव शाबूत आहे. स्टीलचा, कडीचा, गोल, पोटाशी जरा सुटलेला. एका अंगाला पोचा आहे. तो कसा पडला ते विचारू नका, या वयात कुणाला नसतो?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. मला आठवते ती बोहारणीची टोपली. मालनबाईंनी तिच्यापुढे नवऱ्याच्या दोन जुन्या पँटी आणि एक जरीची साडी टाकली. बोहारीण म्हणाली, “ताई, एवढ्यात वाटी येईल.” मालनबाई म्हणाल्या, “वाटी तुझ्या घरी ने. मला डबा हवा हाय.” माहेर पुण्याजवळच्या मांजरी गावचं. सगळा संसार घोरपडे पेठेत झाला, तरी त्यांच्या तोंडातलं ‘हाय’ काही गेलं नाही. बरीच हुज्जत झाली आणि मी मिळालो. तेव्हा मी काही आयता आलेला डबा नव्हे, भांडून मिळवलेला आहे.

आमच्या इमारतीत समोरच्या दारात सिराजभाई आणि नसीमबानू राहतात. सिराजभाईंचं चष्म्यांचं दुकान होतं, आता ते घरी असतात आणि जेवणाच्या वेळा मोजतात. या दोन दारांमध्ये पावलं जेमतेम चार-पाच, पण माझं निम्मं आयुष्य तेवढ्यातच चालण्यात गेलं. दिवाळीला इकडून चकल्या घेऊन जायचो, ईदला तिकडून शीरखुर्मा घेऊन यायचो. मालनबाईंचे यजमान गेले, तेव्हा तेरा दिवस नसीमबानूंनी मला गरम भाताशिवाय पाठवलं नाही. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. काहीच नसेल तर चमचाभर साखर घालायची, पण मोकळा डबा दारात नेणं म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही.

दोघींना बागांचं भारी वेड. खरं सांगायचं तर बागेत बसून खायचं वेड. रविवारी संध्याकाळी सारसबाग, थंडीत एम्प्रेस गार्डन. हिरवळीवर बसू नये अशी पाटी असायची, मग त्या कडेच्या कठड्यावर बसायच्या, मधे मी. माझ्यातलं संपलं की बाहेर भेळ. “घरचं पोट निराळं आणि बाहेरचं निराळं असतं,” असं मालनबाईंचं मत. फुलांकडे बघून एक म्हणायची, “अगबाई, काय रंग आहे!” आणि दुसरी म्हणायची, “वडा घे, गार होतोय.”

आणि मग या जानेवारीत तो प्रकार झाला.

एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन होतं. चार वाजता गेटवर भेटायचं ठरलेलं. मालनबाई भाचीकडून परस्पर आल्या, माझ्यात साबुदाण्याचे वडे गच्च भरलेले. आम्ही उभे राहिलो. गर्दी आत गेली, गर्दी बाहेर आली. फोन लावला तर नसीमबानूंचा फोन सारखा दुसऱ्या कुणाशी तरी चालू. दिवे लागले तरी बाई आल्या नाहीत. मालनबाई प्रदर्शन न बघताच रिक्षात बसल्या. एकही वडा खाल्ला नाही. माझ्यात ते वडे चामड्यासारखे झाले हो!

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली. मालनबाई म्हणाल्या, “काल काय झालं?” नसीमबानूंनी नजर चुकवली आणि म्हणाल्या, “नाही जमलं. एवढं काय त्यात?”

संपलं. पेठेतली माणसं, भांडली असती तर दोन दिवसांत विसरली असती. पण भांडल्याच नाहीत. अबोला धरला. फेब्रुवारी गेला, ईद आली आणि गेली, मी फळीवर उपडा पडून होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी ईद कोरडी गेली. मला फार लागलं ते.

मे महिन्यात जिन्यात बातमी आली की सिराजभाई आणि नसीमबानू लेकीकडे चाललेत, आयर्लंडला. लेक म्हणजे अर्शिया. आधी इथेच पुण्यात, खराडीत कामाला होती, मग कंपनीनं तिकडे पाठवली. निघायच्या आदल्या दिवशी मालनबाईंनी मला खाली काढलं. दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, मला भरलं, पिशवीत घातलं, समोरच्या दाराच्या कडीला अडकवलं, बेल दाबली आणि स्वतःच्या घरात शिरून दार लावून घेतलं. बाई हट्टी, पण प्रवासाला निघालेल्या माणसाला उपाशी पाठवणं त्यांना जमणारं नव्हतं.

नसीमबानूंनी दार उघडलं. माझ्यावरचं नाव वाचलं. बंद दाराकडे बघत तशाच उभ्या राहिल्या. सिराजभाई आतून ओरडले, “कोण आहे?” त्या म्हणाल्या, “मालनताईचा डबा आहे.” आणि डोळ्याला पदर लावला.

दशम्या विमानातच संपल्या, त्यातल्या बऱ्याच सिराजभाईंनी संपवल्या. मी मात्र बॅगेत राहिलो. नसीमबानूंच्या डोक्यात एकच, हा डबा भरून परत द्यायचा. पण कशानं? चमचाभर साखर घालून दिला असता तर रीत पाळली गेली असती आणि मैत्रीण गेली असती. मालनताईला बघताक्षणी कळलं पाहिजे की मी तिकडेही तिला विसरले नाही, असं काहीतरी त्यांना हवं होतं.

आता आयर्लंडचं सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ते लोक घरात हिंदीत बोलतात, लेक निम्मं इंग्रजीत. पण मी मराठी घरचा डबा, माझ्यात सगळं मराठी होऊनच शिरतं.

अर्शियानं ठरवलं होतं, आईला जन्मभर चुलीपुढे उभं राहावं लागलं, आता दर रविवारी तिनं बसायचं आणि दुसऱ्यानं वाढायचं. म्हणून ती गाडी काढायची आणि आम्ही खेड्याखेड्यांतून जुन्या हवेल्यांचे बगीचे बघत फिरायचो. काय सांगू तुम्हाला! उंच दगडी भिंतींच्या आत बाग, वेलींनी भिंती झाकलेल्या, पाऊस येतो-जातो आणि संध्याकाळ संपतच नाही. एके ठिकाणी वाफ्यात फुलांशेजारी कोबी लावला होता, तोही ओळीत, नटवून. सिराजभाई म्हणाले, “तिकीट काढून कोबी बघायला आलोय आपण?” नसीमबानू हसल्या आणि पटकन म्हणाल्या, “मालनताई असती तर म्हणाली असती, आमच्या मांजरीला या, फुकट दाखवते.” आणि मग त्यांचं हसू गेलं.

बागेला लागून चहाघर असायचंच. लाकडी टेबलं, वाफाळतं भाज्यांचं सूप, जाडजूड काळसर पाव, आणि स्कोन नावाचा एक बसका गोड पाव, त्यावर जाम आणि साय. नसीमबानू पहिला घास घ्यायच्या, “वाह!” म्हणायच्या, आणि उरलेला अर्धा रुमालात गुंडाळून माझ्यात.

“अम्मी, प्लीज! लोक बघतायत.”

“बघू देत. मालनताईला आवडेल हे.”

“पुण्याला जाईपर्यंत याला बुरशी येईल गं!”

यायचीच. सोमवारी तो अर्धा स्कोन सिराजभाईंच्या चहात बुडायचा, आणि पुढच्या रविवारी नवा अर्धा माझ्यात यायचा. एकदा आंबट देठांचं सारण भरलेला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ आला, तर त्याचाही रस माझ्या तळाला चिकटला. पण मला त्या बाईची दया यायची. सोन्यासारख्या बागेत बसायची आणि घोरपडे पेठेतल्या बंद दाराशी बोलत राहायची.

एक दिवस अर्शिया चिडून म्हणालीच, “मी एवढी फिरवतेय, पण तू इथे आहेस कुठे?”

शेवटच्या रविवारी तर गोंधळच झाला. सकाळी बाग बघायची आणि दुपारी एका गाजलेल्या हॉटेलात जेवायचं, असा बेत होता. त्या हॉटेलात महिनाभर आधी टेबल सांगून ठेवावं लागतं म्हणे. बागेत पाऊस आला, सगळे गाडीकडे पळाले, आणि मी बाकावरच राहिलो. गाडीचा आवाज गेला. मला वाटलं, झालं, आता इथल्याच मातीत आपण. पुण्याचा डबा आयर्लंडात गंजणार. स्टील गंजत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या वेळी काही सुचत नव्हतं.

बागेच्या मालकीणबाई गुडघ्यावर बसून तण काढत होत्या. साठीच्या असतील, हात चिखलाने भरलेले. त्यांनी मला उचललं, झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि चहाघरात नेऊन छान धुऊन पुसून ठेवलं. हात मायेचा होता.

बऱ्याच वेळानं गाडी परत आली. नसीमबानू भिजत धावत आल्या. मालकीणबाईंनी मला पुढे केलं, तसं नसीमबानूंनी मला छातीशी धरलं. मागून अर्शिया आली, रागानं लाल.

“एका डब्यासाठी जेवण घालवलं! हॉटेलवाले थांबतात होय? मी तुला असे शंभर डबे घेऊन देते, अम्मी. काय आहे एवढं त्याच्यात?”

सिराजभाई शहाणे. ते सूप सांगायला आत गेले ते गेलेच. नसीमबानू ओल्या बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, “प्रदर्शनाच्या दिवशी मालनताई गेटवर उभी होती. आणि मी गच्चीवर तुझ्याशी बोलत होते.”

अर्शियाचा राग तिथेच उतरला.

जानेवारीत तिची नोकरी गेली होती. परक्या गावात एकटी पोर, संध्याकाळभर फोनवर रडत होती. “कुणाला सांगू नको, अब्बांनाही नाही, दुसरी मिळेपर्यंत कुणालाच नाही,” अशी शपथ घातली होती तिनं. आईनं ती पाळली. नोकरी दुसरी मिळाली, पण मालनताई दुरावली.

“मला का नाही सांगितलंस?” अर्शियानं विचारलं.

“तुला आधीच काय कमी ओझं होतं?”

अर्शिया त्या ओल्या बाकावर आईला बिलगून बसली. मग मला आईच्या हातातून घेऊन तिनं आपल्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, “मालनमावशीला सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.” त्या दिवशी नसीमबानूंनी अख्खा स्कोन खाल्ला. सिराजभाईंनी तीन वाट्या सूप प्यायलं आणि काय झालं ते एकदाही विचारलं नाही.

निघताना मालकीणबाईंनी तिथली लोणीदार बिस्किटं माझ्यात भरून दिली. मी एकदम ताठ झालो. म्हटलं, आता कशी शोभा आली!

पुण्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमबानूंनी मला ओट्यावर घेतलं, बिस्किटं काढून ताटात ओतली, आणि मला पुसून कोरडं केलं.

“हे काय?” सिराजभाई म्हणाले. “रिकामा नेणार? वेड लागलं का?”

“भरलेला नेला तर ती दारातच घेईल आणि दार लावेल,” नसीमबानू म्हणाल्या. “रिकामा नेला तर निदान भांडेल तरी.”

मी गांगरून गेलो. उभ्या आयुष्यात मी त्या दारात मोकळा गेलो नव्हतो. पण बाई मला घेऊन निघाल्याच.

मालनबाईंनी दार उघडलं. मला घेतलं, सवयीनं हलवलं. आवाज आला नाही. कडी काढून आत बघितलं.

“रिकामा?”

“हो.”

“परदेश हिंडून आलीस आणि डबा रिकामा? ही रीत हाय का?”

“मला काय घालावं कळेना, मालनताई. त्या दिवशी अर्शियाची नोकरी गेली होती. पोर रडत होती. मला शपथ घातली होती, तुलाही सांगता येईना. मी तुला गेटवर उभी ठेवली गं.”

मालनबाई म्हणाल्या, “अगं, उभं राहण्याचं काय दुःख? सिनेमाच्या रांगेत जन्म गेला माझा. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. हे गेले, आता तूही सोडलंस.” आणि मग तिथेच दारात, डाव्या हातात मला धरून, त्यांनी उजव्या हातानं नसीमबानूंना जवळ ओढलं. दोघींच्या मधे मी असा काही चेपलो की आता दुसऱ्या अंगालाही पोचा आहे. त्याबद्दल मात्र खुशाल विचारा.

सध्या मी मालनबाईंच्या ओट्यावर आहे, झाकण उघडं, आत काही नाही. आतल्या खोलीत दोघी बोलतायत. चहा दोनदा झाला, सिराजभाई दोनदा जेवणाचं विचारून गेले, त्यांना दोघींनी मिळून हाकललं. मला भरायचं कुणाच्याही लक्षात नाही, आणि माझी काही तक्रार नाही.

फक्त तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्याही फळीवर कुणाचा तरी डबा पडून असेल. आज देऊ, उद्या देऊ, काहीतरी चांगलं करू आणि मग देऊ, असं म्हणत राहिला असाल. नका थांबू. रिकामाच घेऊन जा, पण जा.