खांदा बदलायची जागा

नळाचा एक थेंब सिंकमधल्या पातेल्यात टपकन पडला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की गाणं केव्हाच संपलंय. फोन ओट्यावर गप्प पडून होता. तिच्या हातातली घासणी तशीच हातात.

हे नववं गाणं. वडिलांच्या नव्या अल्बममधलं. सत्तरी ओलांडलेला रॉक गायक, आवाजापायी 'खरखऱ्या' म्हणून ओळखला जाणारा, संपला संपला म्हणता म्हणता उभा राहिला, असं जो तो लिहीत होता. तिने मात्र अल्बमला कान लावला नव्हता. वडिलांची गाणी ऐकायची नाहीत, हा तिचा शाळेपासूनचा हट्ट. पण काल बालवाडीतून येताना लेक गाडीत गुणगुणायला लागली आणि वर ऐटीत म्हणाली, "बाईंनी शिकवलं. आजोबांचंय."

चाल तिची स्वतःची होती. लेक तान्ही असताना पोटदुखीने कळवळायची, तेव्हा फेऱ्या मारता मारता तिने ती जुळवली होती, नुसत्या हं-हं मध्ये. नेमक्या त्याच दिवसांत बाबा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शेजारच्या खोलीत पडून होते. "पोर फार रडते गं," एवढीच त्यांची तक्रार असायची.

दाराची बेल वाजली. बोलावलं होतं तिनेच.

बाबा आले ते कातडी जॅकेटमध्ये, बगलेत नातीसाठी रेकॉर्ड घेऊन. "पिटुकली कुठंय?"

"झोपलीय. बसा." पाणीसुद्धा विचारलं नाही तिने. "नववं गाणं कुणाचं?"

"म्हणजे? माझं."

"चाल?"

बाबांनी खुर्ची ओढली, गुडघा सांभाळत बसले. "चाली काय, हवेत असतात."

"हवेत नव्हती. माझ्या घशात होती. भिंतीपलीकडून उचललीत."

"उचलली काय? तुला माझी सवय माहितीय. खिशात रेकॉर्डर असतोच माझ्या. पावसाची पन्हळ, लिफ्टचं दार, सगळं टिपतो मी. आणि अल्बमच्या आतल्या पानावर छापलंय की, 'माझ्या लेकीला भेट'."

"वा. माझ्याच घरातलं उचलायचं आणि मलाच भेट द्यायचं."

"अगं, लोक रडतात ते ऐकून."

"रडतील नाही तर काय? बाप लेकीला थोपटतोय असं वाटतं त्यांना. मला कधी थोपटलंत? सहा-सहा महिने दौऱ्यावर. आईने एकटीने काढलं सगळं. त्या रात्रींत तुम्ही पोरीला पाच मिनिटं तरी जवळ घेतलंत? नाही. पडल्या पडल्या बटण दाबलंत."

बाबा जरा अवसान आणून म्हणाले, "आणि तो थांबा? तिसऱ्या ओळीनंतरचा? तो तर मी जीव ओतून गायलोय. एकाने लिहिलंय, त्या थांब्यात म्हाताऱ्याने मरणाकडे पाहिलंय."

"डोंबलाचं मरण," ती म्हणाली. "तिथे मी खांदा बदलायचे. हात भरून यायचा. पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेईपर्यंत आवाज थांबायचा. बस, एवढंच आहे तिथे."

बाबांचा चेहरा उतरला. ओठ हलले, बोट मांडीवर ठेका मोजू लागलं. ते मनात ती ओळ म्हणून बघत होते, हे तिला दिसलं. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला त्यांची कीव आली.

"मी महिनाभर घोटली ती जागा," ते हळू म्हणाले. "काहीतरी उचललं जातंय असं वाटायचं. काय, ते कळायचं नाही."

आणि तेवढ्यात तिला ते दिसलं. जॅकेटच्या आत, शर्टाच्या पातळ खिशातून, एक लाल ठिपका.

"बाबा. खिशात काय चालू आहे?"

त्यांचा हात खिशावर गेला. "सवयीने झालं गं. दारातच दाबलं जातं."

"आणा इकडे."

लहान मुलाने लपवलेलं चॉकलेट द्यावं तसा त्यांनी रेकॉर्डर काढून दिला. तिने तो सिंकमधल्या खरकट्या पातेल्यात टाकला. बुडबुडे आले. लाल ठिपका तवंगाखाली थोडा वेळ दिसत राहिला, मग विझला.

"त्यात माझी दुसरी कामं होती," बाबा म्हणाले.

"असू देत."

"पुढच्या छपाईत तुझं नाव घालतो. संगीतकार म्हणून. अजून काय हवंय तुला?"

"नाव नकोय. माझी चाल माझ्या घरात परत आणून द्या. आणता येईल?"

बाबा रेकॉर्डचं वेष्टन नखाने कुरतडत बसले.

आवाजाने लेक उठली होती. केस विस्कटलेले, उशी ओढत दारात. आजोबांकडे बघून हसली, पण आली आईकडेच. तिने उचलून घेतलं. आता जड झाली होती पोर, तरी सवयीने पाय फिरू लागले आणि हं-हं सुरू झालं. तिसरी ओळ संपली, हात भरून आला, ती थांबली आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

खुर्चीत बाबांनी डोळे मिटून घेतले.

लेकीने मान वर केली. "आई, हे आजोबांचं गाणं म्हणू नकोस ना," ती कानात कुजबुजली. "तू माझ्यासाठी केलेलं कुठलंय?"